अपघातात एअरबॅग का उघडत नाही? गाडी घेणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने काय तपासावे

तारकर्ली (ता. मालवण) : मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी आणि नाताळ आला की मालवण-तारकर्ली-देवबाग हा अरुंद रस्ता गाड्यांनी भरून जातो. पर्यटकांच्या गाड्या असतात, मुंबई-पुण्याहून आलेल्या चाकरमान्यांच्या असतात, आणि आता आपल्या वाड्यांमधूनही घरटी चारचाकी दिसू लागली आहे. बरीचशी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली. होमस्टेवाल्यांनी घेतलेल्या टुरिस्ट गाड्या वेगळ्याच.

अपघात झाला की बघ्यांच्या गर्दीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "एवढी गाडी चेपली, मगे फुगो कित्याक उघडलो नाय?" त्यावर कोणी म्हणतो कंपनीने फसवले, कोणी म्हणतो बेल्ट नव्हता म्हणून उघडली नाही, कोणी म्हणतो बॅटरी गेली असेल. खरे कारण यापैकी कुठलेही असू शकते, किंवा यातले एकही नसू शकते. एअरबॅग उघडली नाही म्हणजे ती बिघडलेलीच होती असे नाही. आणि कंपनी म्हणते "धडकच तशी नव्हती" म्हणून गप्प बसायचे असेही नाही. दोन्ही बाजू समजून घेण्यासाठी ही माहिती.

एअरबॅग काम कशी करते

गाडीच्या पुढच्या भागात आणि आत मधल्या कन्सोलखाली धक्का मोजणारे सेन्सर असतात. त्यांना जोडलेला एक छोटा संगणक असतो, त्याला एअरबॅग मॉड्यूल म्हणतात. धडक बसली की गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला, हे हा संगणक मोजतो. वेग एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झटक्यात कमी झाला, तर तो स्टिअरिंगमधल्या आणि डॅशबोर्डमधल्या बॅगेला विजेचा इशारा देतो. बॅगेमागच्या डबीतले रसायन पेटते, त्यातून वायू तयार होतो आणि बॅग फुगते. धडकेपासून बॅग पूर्ण फुगेपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग लागतो. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

फुगलेली बॅग लगेच मागच्या भोकांतून हवा सोडून सैल पडते. म्हणून माणूस आदळतो तो हळूहळू दबणाऱ्या उशीवर. हे सगळे एकदाच होते. त्याच अपघातात गाडी दुसऱ्यांदा कुठे आदळली, तर ती बॅग पुन्हा फुगत नाही.

स्टिअरिंगवर "एसआरएस" अशी अक्षरे असतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ आहे पूरक. म्हणजे ही सोय सीटबेल्टच्या जोडीला आहे, बेल्टच्या जागी नाही. पुढचे सगळे या एका शब्दावर अवलंबून आहे.

कोणत्या धडकेत एअरबॅग उघडत नाही

लोक गाडी किती चेपली ते बघतात. संगणक ते बघत नाही. माणूस पेंढ्याच्या उडवीवर पडला आणि तेवढ्याच उंचीवरून चिऱ्यावर पडला, तर लागण्यात जो फरक पडतो, तोच फरक तो मोजतो. पत्रा जितका जास्त चेपतो तितका धक्का तो स्वतः पचवतो. त्यामुळे पुष्कळ चेपलेल्या गाडीतही आतला झटका कमी असू शकतो.

समोरच्या एअरबॅग साधारणपणे ताशी १३ ते २३ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पक्क्या, न हलणाऱ्या भिंतीवर आदळण्याएवढा झटका बसला तर उघडतात. प्रत्येक गाडीची मर्यादा वेगळी असते. उभ्या असलेल्या, तेवढ्याच वजनाच्या गाडीवर आदळलात तर हाच झटका बसायला वेग जवळपास दुप्पट लागतो, कारण समोरची गाडीही चेपते आणि पुढे सरकते. हा हिशेब लक्षात ठेवला की पुढचे प्रकार कळतात.

१. डंपर किंवा ट्रकच्या मागून खाली घुसणे. आपल्याकडे चिऱ्याचे आणि वाळूचे डंपर रस्त्याच्या कडेला विनादिवा उभे असतात. कार त्याच्या मागे घुसते तेव्हा बंपर आणि सेन्सर डंपरच्या खालून निघून जातात, मार बसतो तो बोनेटला आणि काचेला. संगणकाला झटका कळतो तो उशिरा. छप्पर उडाले तरी बॅग तशीच राहिली, असे यातूनच घडते. या प्रकारात माणसे सर्वात जास्त दगावतात, आणि इथेच एअरबॅगचा उपयोग सर्वात कमी असतो.

२. बाजूने धडक. दोनच एअरबॅग असलेल्या गाडीत बाजूसाठी काहीच नसते. तिठ्यावर दुसऱ्या गाडीने दरवाजावर मारले, तर समोरच्या बॅग उघडणार नाहीत. त्या उघडूनही उपयोग नसतो.

३. मागून धडक. यात माणूस सीटमध्ये मागे दाबला जातो. समोरची बॅग उघडण्याचे कारणच नसते.

४. गाडी उलटणे. घाटात किंवा शेतात गाडी कोलांट्या खात गेली तरी तिचा पुढचा वेग एका झटक्यात थांबत नाही. उलटण्यासाठी पडद्यासारख्या बाजूच्या एअरबॅग वेगळ्या असतात, त्या सगळ्या गाड्यांत नसतात.

५. गुरे, कुंपण, झाडी. रात्री महामार्गावर बसलेल्या गुरांवर गाडी गेली, तर बोनेट आणि काच जाते, पण जनावराचे शरीर दबते आणि झटका सौम्य होतो. मात्र हीच गाडी माडाच्या खोडावर समोरासमोर आदळली तर बॅग उघडू शकते. खोड अगदी एका कोपऱ्याला, हेडलाइटच्याही बाहेर लागले तर मात्र उघडेलच असे सांगता येत नाही.

हे सगळे गाडीच्या हँडबुकमध्ये चित्रांसकट दिलेले असते. हँडबुक बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकमध्ये तसेच गुंडाळलेले असते. एकदा काढून ती दोन पाने वाचावी.

बेल्ट नसेल तर एअरबॅग उघडत नाही का?

गावोगाव हे सांगितले जाते. बहुतेक गाड्यांत बेल्ट नसला तरी एअरबॅग उघडते. काही गाड्यांत बेल्ट आहे की नाही यावरून संगणक आपली मर्यादा वर-खाली करतो. पण खरा धोका दुसरा आहे. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागताच पुढे सरकतो, आणि बॅग फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो. फुगणारी बॅग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते. ती छातीवर किंवा मानेवर बसली तर वाचवणारी वस्तूच मारते. बेल्ट माणसाला जागेवर धरून ठेवतो, तेवढ्या वेळात बॅग फुगून तयार होते. अनेक गाड्यांत बेल्ट झटकन ताणून घेणारी यंत्रणाही त्याच संगणकावर चालते.

बेल्टची पिन पिन आवाज बंद करण्यासाठी काही जण बाजारात मिळणारी नकली क्लिप खोचून ठेवतात. त्यामुळे बेल्ट लावलाय असा संगणकाचा समज होतो, आणि माणूस मोकळाच बसलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विकायला बंदी घातली आणि १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. कोणी फुकट दिली तरी गाडीत ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पुढच्या सीटवर बसलेल्यांनी बेल्ट लावला तर मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ जण मरण पावले. त्यात ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास अर्धे लोक गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते.

मागे बसणाऱ्यांचा विषय महाराष्ट्राला कळला तो ४ सप्टेंबर २०२२ ला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज गाडी कठड्याला आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि आणखी एक जण असे मागे बसलेले दोघे गेले, पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागातली होती, एअरबॅग भरपूर होत्या. मागच्या सीटलाही बेल्टची सक्ती आधीपासून होती, पण त्यानंतर तिची चर्चा सुरू झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

एअरबॅग उघडली म्हणूनही जीव जातो

२१ डिसेंबर २०२४ च्या रात्री नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅगच्या माराने मृत्यू झाला. पुढच्या गाडीचा अपघात होऊन ती या कारवर आदळली आणि कारच्या एअरबॅग उघडल्या. गाडीतल्या मोठ्या माणसांना फारसे लागले नाही. बॅग मोठ्या माणसाच्या उंचीचा आणि वजनाचा विचार करून बनवलेली असते. लहान मुलाच्या बाबतीत ती छातीऐवजी तोंडावर आणि मानेवर बसते.

आपल्याकडे पोराला मांडीवर घेऊन पुढे बसायची पद्धत आहे. आजीच्या मांडीवर, आईच्या मांडीवर, कधी तर चालवणाऱ्याच्या मांडीवर. धडक झाली की मूल बॅग आणि मोठे माणूस यांच्या मध्ये सापडते. मूल मागेच बसवावे, १२ वर्षांपर्यंत तरी. तान्ह्या बाळाची पाठमोरी खुर्ची पुढच्या सीटवर कधीही लावू नये. काही गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बंद करायची चावी असते. तिच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा मूल मागे बसवणे सोपे.

चालवणाऱ्यानेही स्टिअरिंगला चिकटून बसू नये. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त अंतर हवे. पाय डॅशबोर्डवर ठेवून बसलेल्या पर्यटकांना आपल्या ड्रायव्हरांनी स्पष्ट सांगावे. बॅग उघडली तर गुडघे तोंडावर येतात, कंबरेचे हाड मोडते.

आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांना वेगळा धोका

तारकर्ली-देवबागच्या गाड्यांना खारी हवा बारा महिने असते. पण हवेपेक्षा जास्त नुकसान पाण्याने होते. पुळणीवर गाडी घालून फोटो काढायची हौस काही पर्यटकांना असते. गाडी वाळूत रुतते, भरती येते, आणि पाणी दारातून आत शिरते. नंतर ट्रॅक्टरने ओढून काढतात, सीट वाळवतात, आणि गाडी चालू झाली की सगळे विसरतात.

एअरबॅगच्या तारा आणि जोड पिवळ्या रंगाचे असतात. त्यातले बरेचसे पुढच्या सीटच्या खाली असतात, आणि संगणक मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. म्हणजे केबिनमध्ये घोटाभर पाणी आले तरी तिथे पोचते. साध्या पाण्याने एकवेळ वाचेल, पण खारे पाणी सुकल्यावर मीठ मागे राहते आणि पिना आतून हिरव्या पडत जातात. गाडी उत्तम चालते, एसी थंड होतो, गाणी वाजतात, आणि एअरबॅगची जोडणी मात्र तुटलेली असते.

पुराच्या गाड्यांचेही तेच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते सर्वांनी पाहिले आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊन पुसून कमी किमतीत पुढे जाते. स्वस्तातली गाडी बघताना सीट पुढे-मागे सरकवून खालच्या पट्ट्यांवर गंज आहे का, मॅट उचलून खाली वाळू-चिखल आहे का, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर भागावर चिखलाचा डाग आहे का, हे बघावे. बेल्टचा तो भाग कोणी धुवत नाही.

दमट हवेचा आणखी एक धडा जगाने घेतला आहे. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले होते. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्यावर ते खराब होते, आणि धडकेच्या वेळी इतक्या जोरात पेटते की धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसाला लागतात. जगभरात यामुळे दहा कोटींच्या आसपास डब्या परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडाच्या जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अ‍ॅकॉर्ड, सीआर-व्ही या गाड्या यासाठी परत बोलावल्या होत्या. कोकणची हवा तशीच उष्ण आणि दमट आहे. त्या काळातली जुनी गाडी ज्याच्या दारात असेल, त्याने चौकशी करणे जरुरीचे आहे.

गाडी परत बोलावली आहे का, कसे कळणार

कंपनीला दोष सापडला की ती ठरावीक तारखांच्या गाड्या परत बोलावते आणि फुकट दुरुस्त करून देते. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅगचा संगणक तपासून गरज पडल्यास बदलण्यासाठी बोलावल्या. त्यात अल्टो के१०, एस-प्रेसो, इको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा होत्या. या दोषामुळे क्वचित प्रसंगी धडकेत एअरबॅग आणि बेल्ट ताणणारी यंत्रणा चालणार नाही, असे कंपनीनेच जाहीर केले होते.

अडचण अशी की कंपनीचा फोन आणि पत्र पहिल्या मालकाला जाते. गाडी तीन हात फिरून आपल्या वाडीत आली असेल तर आपल्याला काहीच कळत नाही. उपाय सोपा आहे. आरसी बुकवर चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकावा, किंवा कुडाळ-कणकवलीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारावे. मालक कितवाही असो, अशा दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत.

जुनी गाडी घेताना

चालकाच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सर्व नवीन गाड्यांना सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सक्ती नवीन मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीपासून लागू झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग नसतेच. अपघात झाल्यावर "उघडली कशी नाही" असे विचारण्याआधी, होती का, ते घेतानाच बघावे. सहा एअरबॅगची सक्ती करायचा विचार केंद्राने केला होता, पण सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ती सक्ती करणार नसल्याचे सांगितले.

आता सगळ्यात महत्त्वाचे. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एक लाल किंवा पिवळा दिवा लागतो. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असे त्याचे चित्र असते. तो काही सेकंद लागतो आणि विझतो. याचा अर्थ संगणकाने स्वतःची तपासणी केली आणि सगळे ठीक आहे.

• दिवा लागूनच राहिला किंवा मध्येच लागला, तर यंत्रणेत बिघाड आहे. त्या गाडीची एअरबॅग उघडेल याची खात्री नाही.

• दिवा लागलाच नाही, तर त्याहून वाईट. बल्ब काढला आहे किंवा तारेत काहीतरी केले आहे.

• एकदा उघडलेली एअरबॅग महाग असते म्हणून ती न बदलता फक्त झाकण चिकटवायचे आणि जोडात एक छोटा रेझिस्टर बसवून दिव्याला फसवायचे, असे प्रकार होतात. अशा वेळी दिवा बरोबर विझतो. म्हणून डॅशबोर्डची शिवण आणि स्टिअरिंगच्या झाकणाचा रंग नीट बघावा, अधिकृत सेंटरमध्ये स्कॅनर लावून घ्यावा आणि गाडीचा विमा क्लेम कधी झाला होता ते विचारावे.

नकली मालही बाजारात आहे. २०२४ च्या सुरुवातीला दिल्ली पोलिसांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाच्या नऊशेहून अधिक बनावट एअरबॅग पकडल्या. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये "अर्ध्या किमतीत बसवून देतो" म्हणणाऱ्याकडून एअरबॅग घेऊ नये. धडकेत एकदा बॅग उघडली की त्यासोबत बेल्टची ताणणारी यंत्रणा, सेन्सर आणि बहुतेक वेळा संगणकही बदलावा लागतो. पक्के बिल घ्यावे.

आपण स्वतः बिघडवतो त्या गोष्टी

पुढे लोखंडी बुलबार बसवला की गाडी दणकट दिसते. पण बंपरने जो धक्का पचवायचा आणि सेन्सरने जो ओळखायचा, त्यात हा बार मध्ये येतो. बॅग उशिरा उघडू शकते किंवा चुकीच्या वेळी उघडू शकते. पायी चालणाऱ्याला लागले तर तो वाचत नाही, ते वेगळेच. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे बार बेकायदा असल्याचे आणि कारवाई करण्याचे कळवले आहे.

सीटच्या कडेला "एअरबॅग" असे लेबल असेल तर जाड शिवलेले सीट कव्हर घालू नये, बॅग त्या शिवणीतूनच बाहेर येते. डॅशबोर्डवर प्रवाशाच्या समोर देवाची मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड चिकटवू नये. बॅग उघडली की ती वस्तू गोळीसारखी तोंडावर येते. मूर्ती मधोमध, लहान ठेवावी. मोठा म्युझिक सिस्टीम बसवताना किंवा हॉर्न बदलताना मेकॅनिकने पिवळ्या तारेला हात लावला तर लगेच दिवा तपासावा.

अपघातानंतर : मदत करणाऱ्यांसाठी

न उघडलेली एअरबॅग बंद पडलेल्या गाडीतही काही वेळ जिवंत असते, कारण संगणकात थोडी वीज साठवलेली असते. अडकलेल्याला काढताना आधी चावी बंद करावी. जमल्यास बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडवून काही मिनिटे थांबावे. जीव धोक्यात असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर निदान आपले डोके स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड आणि जखमी यांच्या मध्ये घालू नये. स्टिअरिंगवर पहार घालू नये. उघडलेल्या बॅगेतून पांढरी भुकटी आणि वास येतो, त्याला आग समजून घाबरू नये, पण दारे उघडावीत. १०८ आणि ११२ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने त्याला संरक्षण दिले आहे.

खरोखरच दोष असेल तर : भरपाई मिळते

दिल्लीतल्या एका ग्राहकाने ऑगस्ट २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला, पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत, डोक्याला, छातीला आणि दातांना मार लागला. कंपनीचे म्हणणे होते की समोरून पुरेसा जोराचा झटका बसलाच नव्हता. दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने आणि नंतर राष्ट्रीय आयोगाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम ठेवला. गाडी बदलून द्यायची आणि वर ३ लाख रुपये. धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे न्यायालयाने म्हटले.

उलट बाजूही आहे. जानेवारी २०२२ मधल्या कानपूर परिसरातील स्कॉर्पिओच्या अपघातात तरुण गेला, आणि २०२३ मध्ये कुटुंबाने एअरबॅगबद्दल गुन्हा नोंदवला. महिंद्रा कंपनीने सांगितले की गाडीत एअरबॅग होत्या, त्यात बिघाड नव्हता, गाडी उलटली होती आणि उलटल्यावर समोरच्या एअरबॅग उघडत नाहीत. म्हणून धडक कुठून आणि कशी बसली याचा पुरावा हाच दाव्याचा कणा असतो. तो जमवायचा असा :

१. गाडी जागेवरून हलवण्याआधी चारही बाजूंनी, आतून, स्टिअरिंगचा, मीटरमधल्या दिव्यांचा आणि ज्या वस्तूवर आदळली तिचा मोबाइलने फोटो-व्हिडिओ काढावा.

२. पोलीस पंचनाम्यात "एअरबॅग उघडल्या नाहीत" आणि "बेल्ट लावले होते" हे शब्द लिहून घ्यावेत. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची प्रत मागावी.

३. गाडी भंगारात देऊ नये, दुरुस्तीला खोलू देऊ नये. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा संगणक धडकेआधीची काही सेकंदे वेग आणि ब्रेक यांची नोंद ठेवतो. मिस्त्री यांच्या अपघातात गाडीचा वेग १०० होता, धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक लागला आणि धडकेवेळी वेग ८९ होता, हे कंपनीने गाडीतल्या नोंदीवरूनच पोलिसांना कळवले. ही नोंद काढून द्यावी असे कंपनीला लेखी कळवावे, पोच घ्यावी.

४. दवाखान्याचे कागद, सर्व्हिसची बिले, विमा सर्व्हेअरचा अहवाल एका फाइलमध्ये ठेवावे. सर्व्हिस वेळेवर केली नसेल तर कंपनी तेच पुढे करते.

५. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. नाही ऐकले तर जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गाडी मुंबईत घेतली असली तरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्यांना "ही धंद्याची गाडी, ग्राहक कायद्यात बसत नाही" असे सांगून परत पाठवले जाते. पण स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून चालवण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात धंदेवाईक वापर मानली जात नाही. एकच गाडी असलेला आणि ती स्वतः चालवणारा तारकर्लीचा माणूस ग्राहकच आहे.

थोडक्यात

रोज चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा. पुढे-मागे सगळ्यांनी बेल्ट लावा. मूल मागे बसवा. बुलबार काढून टाका. जुनी गाडी घेतली असेल तर या आठवड्यात चेसिस नंबर देऊन चौकशी करा. पाणी शिरलेली गाडी स्कॅन केल्याशिवाय घरच्यांना घेऊन हायवेला काढू नका. आणि उभ्या डंपरपासून वाचवणारी एअरबॅग अजून निघालेली नाही, तिथे वेग कमी ठेवणे हाच उपाय आहे.